तालमीतला उजेड आणि निकॉन झेड ५: फुल-फ्रेमवर जावं का?

कोल्हापुरातल्या जुन्या कुस्तीच्या तालमीत पहाटे फोटो काढायचे म्हणजे उजेडाशी झटापट. वर एखाद-दुसरी एलईडी ट्यूब, भिंतीत उंचावर झरोका, खाली उजेड गिळून टाकणारी लाल माती, आणि त्या मातीनं माखलेली पोरं. माझा निकॉन डी ७२०० बरीच वर्षं अशा हौद्यांच्या कडेला बसला आहे. डाव हललेला येऊ नये म्हणून शटर १/५०० सेकंदाला ठेवायचं, लेन्स एफ २ च्या आसपास उघडायची, की आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करणारं कॅमेऱ्यातलं माप) ६४०० वर जातो. तिथं खांद्याखालच्या सावलीत रंगीत दाणे उठतात आणि मातीचा लाल मळकट तपकिरी होऊन बसतो. यावर मला मिळणारा सल्ला कायम एकच: "फुल-फ्रेम घे की भावा." म्हणजे माझ्या डी ७२०० पेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा; सेन्सर म्हणजे आतली उजेड टिपणारी चिप.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंगमधला ब्लो होल शोधणं हे रोजचं काम. पण भोक दिसलं म्हणून माल लगेच रिजेक्ट होत नाही. तो भाग कुठं बसणार, त्यावर किती दाब येणार, हे आधी बघावं लागतं. कॅमेऱ्याचंही मी तसंच केलं. दाणे दिसतात हे खरं, पण ते कुणाला आणि कुठं दिसतात?

माझे फोटो तीन ठिकाणी जातात. पहिलं, पोरांच्या मोबाइलवर. तिथं डी ७२०० चा ६४०० आणि फुल-फ्रेमचा ६४०० यातला फरक कुणालाही ओळखता येत नाही. दुसरं, मैदान मारल्यावर गावच्या चौकात लागणारा फ्लेक्स. तो दहा-पंधरा फुटांवरून बघायचा असतो आणि छपाईच इतकी भरड असते की सेन्सरचा प्रश्नच येत नाही. तिसरं, तालमीच्या भिंतीवर फ्रेम करून लावायचे मोठे प्रिंट. आयएसओ ६४०० चा फोटो १२ बाय १८ इंचांपर्यंत व्यवस्थित निभतो, त्यापुढं गेलं की सावल्या उघड्या पडतात. म्हणजे माझी गरज या तिसऱ्या कामापुरती होती. पैसे मोजण्याआधी ही वाटणी प्रत्येकानं स्वतःशी करावी असं मला मनापासून वाटतं, कारण नवीन फुल-फ्रेम बॉडी आणि तिला शोभेल अशी लेन्स घ्यायची तर आपल्याकडं दोन लाखांच्या पुढची गोष्ट आहे.

मी पौषात राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या दुकानातून झेड ५ आणला. पौष एवढ्यासाठी की लग्नसराईत चांगली बॉडी भाड्यानं मिळत नाही, सगळी बुक असतात. आधार कार्डची प्रत, डिपॉझिट, एवढ्यावर काम झालं. झेड ५ हा २०२० सालचा, २४ मेगापिक्सेलचा, निकॉनच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) फुल-फ्रेममधला सुरुवातीच्या किमतीचा कॅमेरा. एप्रिल २०२५ मध्ये त्याचा पुढचा अवतार झेड ५ टू आला, तेव्हापासून पहिला झेड ५ सेकंडहॅंडमध्ये बऱ्या भावात फिरतो आहे. म्हणूनच तो माझ्या यादीत आला.

आता मुख्य प्रश्न. फुल-फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. डी ७२०० चा साधारण २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ काढलं तर फुल-फ्रेम सुमारे २.३ पट भरतो. शटर आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं उघडं तोंड) तेच ठेवलं तर उजेडही एकूण तेवढ्या पटीनं जास्त गोळा होतो, म्हणजे स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) १.२ च्या जवळपास. सोप्या शब्दांत, झेड ५ चा ६४०० मला डी ७२०० च्या अंदाजे २८०० सारखा दिसायला हवा. तालमीत एकाच जागेवरून दोन्हीनं फोटो घेतले तेव्हा जवळजवळ तसंच दिसलं. माती लाल राहिली. पाठीवरचा घाम आणि त्याला चिकटलेली माती वेगवेगळी दिसली. हा फायदा खरा आहे.

पण तो कधी टिकतो हे कुणी सांगत नाही. दोन पैलवान एकमेकांत गुंतलेत, एकाचं तोंड हातभर पुढं, दुसऱ्याचं मागं, आणि मला दोन्ही चेहरे फोकसमध्ये हवेत. डी ७२०० वर ३५ मिलिमीटरची लेन्स लावली की एफ २.८ ला हे जमतं. तीच चौकट, त्याच जागेवरून फुल-फ्रेमवर घ्यायची तर ५० मिलिमीटरची लेन्स लागते, आणि फोकसची तेवढीच खोली मिळवायला एफ ४ वर यावं लागतं. एफ ४ म्हणजे उजेड एक स्टॉपनं कमी. शटर तर कमी करता येत नाही, डाव चालू आहे. मग आयएसओ ६४०० चा १२८०० होतो आणि मोठ्या सेन्सरनं दिलेलं जवळपास सगळं परत जातं. ढाक किंवा कलाजंग हे डाव पडतानाचे मी दोन्हीनं काढलेले फोटो असे शेजारी ठेवले तर दाण्यांत डावं-उजवं करता येत नाही. कुस्तीच्या डावाचे फोटो हेच तुमचं काम असेल, तर फुल-फ्रेमकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

फायदा टिकतो तो दुसरीकडं. कोपऱ्यात बसून पोरांच्या जोर-बैठका बघणारे वस्ताद, एकटाच चेहरा, मागचं धूसर झालं तरी चालतं. इथं एफ २ तसंच ठेवता येतं आणि १.२ स्टॉप पूर्ण पदरात पडतो. बजरंगबलीच्या फोटोपुढची समई, खुंटीवर टांगलेले लंगोट, रिकामा हौदा, यांत काहीच हलत नाही. इथं झेड ५ च्या बॉडीतलं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) कामाला येतं. १/१५ ला हातात धरून फोटो धारदार येतो आणि आयएसओ ८०० च्या आत राहतो. डी ७२०० वर माझ्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सना ही सोय नाही, त्यामुळं तिथं मला ट्रायपॉड लागतो, आणि तालमीत ट्रायपॉड म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात.

इथंच मला ही गोष्ट नीट कळली. झेड ५ वर मला जे आवडलं त्यातलं निम्मं मोठ्या सेन्सरचं नव्हतंच. स्टॅबिलायझेशन, डोळा शोधून त्यावर फोकस धरून ठेवणं, फोटो काढायच्या आधीच व्ह्यूफाइंडरमध्ये उजेड किती येणार ते दिसणं, हे सगळं नव्या पिढीचं आहे. डी ७२०० हा २०१५ चा. मधल्या काळात लहान सेन्सरचे कॅमेरेही तेवढेच पुढं गेलेत. २०२२ चा कॅनन आर ७ किंवा २०२३ चा सोनी ए ६७०० घ्या, दोन्हीत स्टॅबिलायझेशनही आहे आणि डोळ्याचा फोकसही. जुन्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावरून नव्या फुल-फ्रेमवर उडी मारणारा माणूस नव्या पिढीचं सगळं श्रेय सेन्सरच्या आकाराला देऊन टाकतो. दुकानदार ते दुरुस्त करत नाही.

झेड ५ मधल्या ज्या गोष्टी खटकल्या त्या स्पष्ट सांगतो. सेकंदाला ४.५ फोटो हा वेग कुस्तीला कमी पडतो. डी ७२०० सहा देतो, आणि पाठ टेकतानाचा तो एक क्षण या दीड फोटोत हातात येतो किंवा सुटतो. दोन चेहरे जवळ आले की डोळ्याची पकड एकावरून दुसऱ्यावर उडते. सायलेंट मोड मोठ्या आशेनं लावला, पण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये एलईडी ट्यूबच्या लखलखीचे आडवे पट्टे फोटोवर आले आणि फिरणारा हात वाकडा दिसला. तालमीपुरता तो मोड बंदच ठेवा. बॅटरीही लवकर उतरते. कंपनीच्याच आकड्यांत डी ७२०० एका चार्जवर १११० फोटो देतो, झेड ५ पाचशेच्या आत थांबतो. वजनात ९० ग्रॅमची बचत आहे खरी, पण जुन्या लेन्ससाठी सव्वाशे ग्रॅमचं एफटीझेड अ‍ॅडॅप्टर चढवलं की ती संपते.

आणि लेन्स. माझ्याकडं जुनी ८५ एफ १.८ डी आहे, वस्तादांचे चेहरे मी हिच्यावरच काढत आलो. तिच्यात स्वतःची मोटर नाही. डी ७२०० ची बॉडी तिला फिरवते. एफटीझेडमध्ये ती मोटर नसते, त्यामुळं झेड ५ वर ही लेन्स हातानंच फोकस करावी लागते. ५० एफ १.८ जी मात्र अ‍ॅडॅप्टरवर सुरेख चालली. क्रॉपवाल्या डीएक्स लेन्स लावता येतात, पण मग सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात. असं वापरायला फुल-फ्रेम घेऊ नये. आपल्याकडच्या लेन्सची एक-एक करून यादी करा. कुठली चालेल, कुठली हातानं चालवावी लागेल, कुठली विकावी लागेल हे लिहून काढलं की खरा खर्च समोर येतो.

लेन्सच्या बाबतीत फुल-फ्रेमनं मला एक गोष्ट मात्र मनासारखी दिली. तालीम अरुंद असते. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी डी ७२०० वरची ३५ मिलिमीटर लेन्स फिल्मच्या हिशेबात ५२ सारखी वागते आणि अर्धा हौदा कापला जातो. निकॉननं डीएक्ससाठी रुंद आणि भरपूर उघडणाऱ्या प्राइम लेन्स फारशा काढल्याच नाहीत. झेड ५ वर ४० मिलिमीटर एफ २ लावली, १७० ग्रॅमची एवढीशी लेन्स, आणि दोन्ही जोड्या, मागचे वस्ताद, वरचा झरोका सगळं एका चौकटीत आलं. ज्यांना बॉडी बदलायची नाही त्यांच्यासाठी सिग्माची १८-३५ एफ १.८ हा याच दुखण्यावरचा चांगला उतारा आहे. जड आहे, ८०० ग्रॅमच्या वर, पण क्रॉप डीएसएलआरवर तेवढी रुंद आणि तेवढी उघडी झूम दुसरी मला माहीत नाही. नवीन बॉडीच्या आधी हिचा विचार करा.

तालमीबाहेरचं थोडक्यात. कोल्हापूरचं खासबाग हे कुस्तीचं मैदान १९१२ साली राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलं. मधे हौदा आणि भोवती वाडग्यासारखी चढत जाणारी बैठक, त्यामुळं प्रेक्षकांतून फोटो काढायचे तर लांबची लेन्स लागते. तिथं क्रॉप सेन्सरच सोयीचा. राधानगरीच्या जंगलात तर प्रश्नच नाही. २००-५०० ची लेन्स डी ७२०० वर ७५० सारखी पोहोचते आणि २४ च्या २४ मेगापिक्सेल पक्ष्यावर खर्च होतात. रंकाळ्याची संध्याकाळ, पन्हाळ्याचं धुकं, ट्रायपॉडवर आयएसओ १०० ला, यात दोघांत फरक शोधावा लागतो. डी ७२०० चा सेन्सर कमी आयएसओला आजही फार चांगला आहे.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला मी झेड ५ नेणार नाही. सासनकाठ्या नाचत येतात, चांगभलंचा गजर होतो आणि गुलाल असा उधळतो की समोरचा माणूस दिसत नाही. मिररलेसची लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा पडतो. झेड ५ बंद केला तरी त्यापुढं पडदा येत नाही. डी ७२०० सारख्या डीएसएलआरमध्ये निदान आरसा आणि शटर आडवे असतात. अर्थात गुलालात कुठल्याच कॅमेऱ्याची लेन्स बदलू नये. एक झूम लावून वर जावं आणि खाली उतरून घरी आल्यावरच ती काढावी.

शेवटी मी सेकंडहॅंड झेड ५ घेतला, सोबत ४० एफ २ आणि एफटीझेड. चेहरे, समई, रिकामा हौदा, मोठे प्रिंट, एवढ्यासाठी. डी ७२०० विकला नाही. सेकंडहॅंडमध्ये त्याला जो भाव सांगितला गेला तो त्याच्या कामाच्या मानानं फार कमी होता, आणि डाव, पक्षी, यात्रा हे अजून त्याच्याकडंच आहे. फक्त कुस्तीच काढणारा कुणी विचारायला आला तर मी त्याला झेड ५ सुचवणार नाही. त्यानं थोडं थांबून जास्त वेगाची, नव्या फोकसची बॉडी घ्यावी, मग ती क्रॉप असो की फुल-फ्रेम.

सेकंडहॅंड घेताना एवढं नक्की करा. स्वतःचं कार्ड घेऊन जा, फोटो काढून घरी आणा आणि शटर काउंट (कॅमेऱ्यानं आजवर किती फोटो काढले तो आकडा) बघा. लेन्सवर झाकण लावून लांब एक्स्पोजर द्या, पांढरे-लाल ठिपके किती येतात ते मोजा. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ ला घ्या, सेन्सरवरची धूळ आणि डाग लगेच कळतात. दोन्ही कार्ड स्लॉट चालवून बघा. स्टॅबिलायझेशन चालू आणि बंद करून तोच फोटो कमी शटरला दोनदा घ्या, फरक दिसला नाही तर व्यवहार करू नका. मूळ बिल मागा. आणि शक्य असेल तर हे सगळं करण्याआधी तोच कॅमेरा भाड्यानं घेऊन तुमच्या नेहमीच्या जागी, तुमच्या नेहमीच्या उजेडात वापरा. माझं दिवसाचं भाडं दीड-दोन हजारांच्या घरात गेलं आणि त्यात काय घ्यायचं आणि काय नाही हे दोन्ही ठरलं.