एकच कादंबरी घ्यायची असेल तर: बनगरवाडी, धग, कोसला, वासूनाका की ब्र?

‘माणूस आणि समाज’ समजून घ्यायला एखादी चांगली मराठी कादंबरी सुचवा, असं कुणी म्हटलं की दहातले आठ जण डोळे मिटून ‘कोसला’ म्हणतात. कादंबरी मोठी आहे यात वाद नाही. पण पहिली म्हणून ती हातात दिली की शंभराव्या पानाच्या आसपास बरेचजण तिला उशाला ठेवून देतात. निवड करताना विषयापेक्षा गोष्ट कोण सांगतंय आणि कुठे बसून सांगतंय हे आधी बघावं. समाज तोच असला तरी ‘मी’ सांगतो तेव्हा वेगळा दिसतो, टोळकं सांगतं तेव्हा वेगळा, आणि सांगणारा स्वतः बाजूला सरला की आणखी वेगळा.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) सांगणारा आहे राजाराम, औंध संस्थानातला कोवळा मास्तर. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर त्याची नेमणूक होते. शाळा आहे पण पोरं मेंढरांमागे. कादंबरीत ‘मी’ आहे खरा, पण तो जागा अडवून बसत नाही. एक बैल कमी पडतो म्हणून शेकूची बायको जुवाला स्वतःचा खांदा देते. मास्तर ते सांगतो आणि गप्प राहतो. त्यावर हळहळीचं एक वाक्यही येत नाही, म्हणूनच ते मनातून जात नाही. कारभाऱ्याची पोर अंजी मास्तराला चोळी शिवून आणायला सांगते, आणि एवढ्याशा गोष्टीवरून कारभाऱ्याचं मन फिरतं. बाहेरच्या माणसाला गाव किती आत घेतं आणि कुठल्या उंबऱ्यावर थांबवतं, हे या एका चोळीच्या कापडात कळतं. दीड-दोनशे पानांच्या आतलं पुस्तक, भाषा सोपी, एका रविवारात होतं. फसगत होते ती त्याला ‘ग्रामीण जीवनाचं गोड चित्र’ समजून वाचणाऱ्यांची. वाडी मिळून तालीम बांधते तिथवर ते खरोखर गोड वाटतं; पुढे दुष्काळ येतो, मेंढरं जातात आणि वाडीच उठते. मेंढरांशिवाय धनगर कोण, हा प्रश्न तिथे कुणी तोंडानं विचारत नाही.

उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (1960) ‘मी’ नाहीच. गोष्ट कौतिकची आहे, पण ती सांगत नाही, तिला तेवढी उसंतच नाही. नवरा महादेव शिंपी, हाताला कला पण अंगात नेट नाही. पुढे त्याला महारोग. संसार वर काढायचाच या हट्टापायी ती जे जे करते त्यातलं बरंचसं तिच्यावरच उलटतं. गरिबी म्हणजे सोसणं, असं आपण पुस्तकांतून शिकलेलो असतो. इथे गरिबी म्हणजे रोजचे हिशेब, अंदाज, चुकलेले डाव. कौतिक नुसती सोसणारी बाई नाही, ती कधी कधी चुकीची आणि हेकट आहे. म्हणूनच ती खरी.

अडचण असते ती संवादांतल्या वऱ्हाडी बोलीची, आणि ती वाटते त्याच्या निम्मीही नाही. ‘मले’, ‘तुले’ म्हणजे मला, तुला. ‘काहून’ म्हणजे का. ‘पोट्टं’ म्हणजे पोर. एवढं धरून पहिली वीस पानं मोठ्यानं वाचा, संवाद कानानं कळतात. डोळ्यानंच वाचत गेलात तर प्रत्येक शब्दाला ठेच लागते आणि पुस्तक ‘अवघड’ ठरतं. निवेदन प्रमाण भाषेच्या बरंच जवळ असल्यामुळे धागा सुटत नाही. ज्याला एकच वाचायची आहे आणि जो पंचविशी ओलांडून गेलाय, त्यानं हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. या पाचांत सगळ्यात कमी गाजावाजा हिचाच झाला, याचं कारण हिच्यातली नायिका एकही सुभाषित बोलत नाही, हेही असेल.

आता ‘कोसला’ (1963). भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचविशीचे, आणि पुस्तक उघडतं ते ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ या वाक्यांवर. त्यातला ‘उदाहरणार्थ’ नीट बघा. वय ही काही उदाहरण देण्याची गोष्ट नव्हे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला हा मुलगा स्वतःकडेही एक नमुना म्हणून बघतोय, आणि ‘वगैरे’ लावून प्रत्येक वाक्यातून अर्धं अंग काढून घेतोय. होस्टेल, मेस, गॅदरिंग, बापाचे पैसे उडवणं, परीक्षेत आपटणं, सगळं याच टिंगलीच्या सुरात. लोक सोडून देतात ते इथेच, कारण ‘पुढे काय होतं’ हे शोधत वाचतात, आणि पुढे फारसं काही होतच नाही.

मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. तिथे ती टिंगल त्याच्या कामाची राहत नाही. आधीची शे-दीडशे पानं कशासाठी होती ते या पानांवर कळतं: अंगावर काही येऊ नये म्हणून जमवलेली ती भाषा होती. मनीची पानं आणि त्यानंतरची अजिंठ्याची पानं सलग, एका बैठकीत वाचावीत. होस्टेलचा भाग मात्र तीस-चाळीस पानांच्या हप्त्यानं घेतलेला बरा, सलग घेतला की सूर कानाला बसतो आणि विनोद बोथटतो. आणखी एक. आपण सगळेच पांडुरंग आहोत असं वाटून घेण्याचा मोह होतो. पण नापास होऊन परतायला बापाची शेती आणि घर असलेला तो मुलगा आहे. ‘धग’ आधी वाचली असेल तर ही गोष्ट आपोआप दिसते. दोन्ही वाचायच्या असतील तर ‘धग’ आधी, ‘कोसला’ नंतर, हा क्रम सुचवण्याचं मुख्य कारण तेच.

‘वासूनाका’ (1965) ज्याला शहर हवंय त्यानं घ्यावी. भाऊ पाध्ये यांचा पोक्या मुंबईच्या चाळीतल्या टोळक्यातून बोलतो, आणि त्याचा ‘मी’ जवळजवळ कायम ‘आम्ही’च असतो. एकटा असता तर केला नसता असा वाह्यातपणा माणूस चौघांत का करतो, याचं इतकं बिनधास्त चित्रण मराठीत आधी नव्हतं. आचार्य अत्र्यांनी तिच्यावर झोड उठवली होती. आज ती भाषा तितकी धक्का देणार नाही, पण बायकांविषयीची नजर नक्की टोचेल, आणि लेखक मध्ये पडून कुणाचा कान धरत नाही. तुकड्या-तुकड्यांची रचना आहे, लोकलच्या प्रवासात एकेक प्रकरण संपतं. घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं पुस्तक मात्र नव्हे.

कविता महाजनांची ‘ब्र’ (2005) घ्यायची ती सत्ता, बाई आणि आदिवासी भाग हा विषय हवा असेल तर. 73व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एकतृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, पण खुर्चीवर बसलेली बाई ‘ब्र’ काढू शकते का, हे स्वयंसेवी संस्थेत काम करणारी प्रफुल्ला गावोगाव फिरून बघते, आणि ते बघता बघता तिचा स्वतःचा मोडलेला संसारही तपासला जातो. मधली काही पानं अहवालासारखी होतात. ती भरभर वाचली तरी चालतं, कारण जोर आहे तो सरपंच बायकांच्या बोलण्यात. वाचनकट्ट्यावर दहा-बाराजणांत एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मी हिच्यावर बोट ठेवीन. ‘कोसला’वर लोक आपल्या होस्टेलच्या आठवणी सांगत बसतात, ‘ब्र’वर निदान भांडतात.