अँकीड्रॉइड: धोपावे-दाभोळ फेरीबोटीतली उजळणी

गेल्या जूनपासून मी अँकीड्रॉइड हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारं ॲप वापरतेय. घर धोपाव्याला, नोकरी दाभोळला. दिवसातून दोनदा फेरीबोट. पलीकडून बोट येईपर्यंत जेट्टीवर उभं राहायचं, तोच माझा अभ्यास. अँड्रॉइडवर ॲप फुकट आहे (आयफोनवालं विकत घ्यावं लागतं). कार्डं फोनमध्येच राहतात, त्यामुळे पावसात रेंज गेली तरी अडत नाही. आमच्याकडे ती जातेच.

कार्डावर पुढे प्रश्न, मागे उत्तर. आधी मनात उत्तर द्यायचं, मग उलटून बघायचं आणि अगेन, हार्ड, गुड, ईझी यातलं एक बटण प्रामाणिकपणे दाबायचं. आलं तर कार्ड लांबच्या तारखेला जातं, चुकलं तर लगेच परत. विसरायच्या बेतात असताना आठवायला लागतं, म्हणून ते पक्कं बसतं. एमपीएससीसाठी कितीदा वाचलं तरी राज्यघटनेतल्या आणीबाणीच्या कलम ३५२, ३५६ आणि ३६० यांची माझी सरमिसळ व्हायची. आता होत नाही.

तयार डेकच्या (कार्डांच्या संचाच्या) मात्र नादी लागू नका. मी एक पैसे देऊन घेतला होता. त्यात ७४व्या घटनादुरुस्तीपुढे २९ विषय! २९ विषय पंचायतींचे, अकराव्या अनुसूचीतले, ७३व्या दुरुस्तीचे. नगरपालिकांचे बाराव्या अनुसूचीत १८. मी पंधरा दिवस ते चुकीचंच घोकलं. फार राग आला होता.

स्वतःची कार्डंही लहान हवीत. 'रत्नागिरी जिल्ह्यातल्या नद्या उत्तरेकडून सांगा' असं एकच कार्ड मी केलं होतं; दर वेळी एखादी नदी निसटायची. आठदा विसरल्यावर ॲपने त्यावर 'लीच', म्हणजे जळू, अशी खूण केली. मग त्याची नदी आणि तिची खाडी अशी चार कार्डं केली: वाशिष्ठी-दाभोळ, शास्त्री-जयगड, काजळी-भाट्ये, मुचकुंदी-पूर्णगड. पहिलं समोर आलं तेव्हा बोट खाडीच्या मधोमध होती, खाली वाशिष्ठीचंच पाणी. ते कार्ड पुन्हा कधी चुकलं नाही.

गणपतीत सात दिवस फोन उघडला नाही, तर ४०० च्या वर कार्डं साठली. नवीन कार्डं बंद ठेवून आठवडाभरात ती निपटली. ॲपमध्ये मुळात रोज २० नवीन कार्डं येतात. मी १० वर आणलीत. तेवढी उजळणी जाता-येता उरकते.