फ्लॅट विकताय? मापाच्या नावाखाली मामाला पाच लाखांना बुडवलं

सोलापुरात कुणी जुना फ्लॅट विकायला काढला असेल तर प्लीज हे पूर्ण वाचा. विजापूर रोडला माझ्या मामाचा फ्लॅट होता, आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात राबून घेतलेला. मामी गेल्यावर त्याला तिथं एकटं करमेना म्हणून विकायचं ठरलं.

एजंट ओळखीतूनच आलेला. काका काका करत घरात शिरला, लेझरवालं मशीन काढलं, भिंतीवर लाल ठिपका पाडला आणि म्हणाला, "काका, आता रेराप्रमाणे कार्पेटवरच व्यवहार होतो, तुमचं ५०८ फूट भरतंय, रेट इथं ३५०० चालूय, म्हणजे १७ लाख ७८ हजार." (रेरा म्हणजे स्थावर मालमत्तेचा २०१६ चा कायदा, कार्पेट म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, आणि फूट म्हणजे इथं चौरस फूट.) मशीननं दाखवलेला आकडा म्हटल्यावर मामा बिचारा काय बोलणार, इसार घेतला.

आता लबाडी बघा. बेडरूमचं माप त्यानं भिंतीपासून घेतलंच नाही, कपाटाच्या दारापासून घेतलं. कपाट १६ इंच खोल, भिंतभर १० फूट, म्हणजे तिथंच १३ फूट गायब, ३५०० नं गुणलं तर ४५ हजार नुसत्या एका कपाटापायी गेले! आतल्या भिंती पण सोडल्या. अरे, ज्या २०१६ च्या कायद्याचं नाव घेऊन म्हाताऱ्या माणसाला गप्प केलंस त्याच कायद्यात कार्पेटमध्ये आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळतात.

पण खरा दरोडा रेटमध्ये आहे. ३५०० हा तिथं बिल्टअपचा, म्हणजे भिंती आणि बाल्कनी धरून मोजलेल्या एरियाचा रेट. मामाच्या अ‍ॅग्रीमेंटवर बिल्टअप ६१.५० चौरस मीटर लिहिलंय, चौरस फूट करायला १०.७६४ नं गुणा, ६६२ फूट होतात, म्हणजे २३ लाख १७ हजार. यानं एरिया धरला कार्पेटचा आणि रेट लावला बिल्टअपचा. कार्पेटवर हिशोब करायचा तर रेट त्या मानानं चढा लागतो, नाहीतर तेच घर पाच लाखांनी स्वस्तात जातं, आणि तसंच गेलं.

खरेदीखत झाल्यावर थोड्याच दिवसांत मोबाईलवर त्याच फ्लॅटची जाहिरात दिसली, फोटोत बाल्कनीतली मामीची तुळस तशीच होती, आणि एरिया लिहिला होता ७९० फूट! जिना, लिफ्ट, पार्किंगचा वाटा सगळा धरून, सुपर बिल्टअप. चौकशी केली तर खरेदी घेणारा एजंटचाच मेहुणा निघाला. फार संताप आला हो.

म्हणून सांगतो, एजंटला घरात घ्यायच्या आधी अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) काढून ठेवा, मंजूर नकाशा सोसायटीकडं नसेल तर महापालिकेत अर्ज करा. कपाटं सरकवून प्लॅस्टर ते प्लॅस्टर टेप लावा, खोली तिरकी असते म्हणून दोन्ही टोकांना मोजा. कुणी रेट सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा, कशावरचा रेट, कार्पेट का बिल्टअप? आणि इसारपावतीवर एरिया कुठल्या प्रकारचा ते शब्दात लिहून घ्या, मामाच्या पावतीवर नुसतं "५०८ चौ. फूट" होतं.

वकिलामार्फत एजंट आणि मेहुणा दोघांना नोटीस दिलीय. एजंट आता फोन उचलत नाही.