‘आयसोलेटेड’ लिहिलेला डबा आणि माझे १०,८३० रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे “थोडक्यात वाचलास” म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील. ८,४५० रुपये डब्याचे, म्हणजे ‘आयसोलेटेड’ म्हणून मला खोटा विकलेल्या पॉवर सप्लायचे, २८० कुरिअरचे, ६०० तो उघडून तपासणाऱ्याचे आणि १,५०० आयोजकांनी माझ्या मानधनातून कापलेले. एकूण १०,८३०. आणि हौस काय होती, तर बेस गिटारच्या पेडलबोर्डवरची सहा पेडल्स (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्या) एकाच पॉवर सप्लायवर चालावीत. स्टेजवर दर वेळी एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात तीन अडॅप्टर, त्यातला एक सैल, हे सगळं नको झालं होतं.

आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक आउटपुट बाकीच्यांपासून विजेने पूर्ण अलग असलेला, सप्लाय का घ्यायचा हे बोर्ड बांधणाऱ्यांना सांगायला नको. ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह ही मंडळी डेझी चेनवरही (एकाच अडॅप्टरच्या वायरीवर सगळी पेडल्स) गुण्यागोविंदाने राहतात. एकेकाला दहा-वीस, फार तर पन्नास मिलिअँपिअर लागतात. त्यात एक डिजिटल मल्टिइफेक्ट घुसला की तो एकटा दीड-दोनशे मिलिअँपिअर ओढतो, वर त्याच्या आतल्या घड्याळाची शिट्टी सामाईक ग्राउंडमधून (सगळ्यांचा मायनस एकच) ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते. ओव्हरड्राइव्ह ती मोठी करून पुढे पाठवतो. म्हणून प्रत्येक आउटपुट स्वतंत्र हवा, म्हणून जास्त पैसे मोजायचे. मीही मोजले.

विक्रेता एका ऑनलाइन बाजारात सापडला. दहा आउटपुट, ‘फुली आयसोलेटेड’, किंमत ८,८५०. तिथेच त्याने मेसेज केला, “सर, डायरेक्ट यूपीआय केलंत तर ४०० कमी.” आता शहाणपणा शिकवणाऱ्यांना विचारतो, ४०० रुपये कमी म्हटल्यावर तुम्ही नाही म्हणाला असतात का? हेच पैसे पुढे मला सगळ्यात महाग पडले. बाजाराबाहेर पैसे दिलेत की त्या बाजाराची सगळी संरक्षणं त्या क्षणी संपतात.

तरी मी डोळे मिटून घेतला नाही. त्याला स्पष्ट लिहिलं होतं की दोन आउटपुटच्या मायनसमध्ये मल्टिमीटर लावून कंटिन्युइटी तपासून दाखवा, आतून जोडलेले असतील तर मीटर बीप करतो. त्याने पाच मिनिटांत व्हिडिओ पाठवला. एका आउटपुटला स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट केलं, त्याचा दिवा लाल झाला, बाकीचे नऊ निळेच राहिले. “बघा सर, एक शॉर्ट झाला तरी दुसऱ्यावर परिणाम नाही. आयसोलेटेड.” मी मागितलं एक, त्याने दाखवलं दुसरंच. व्हिडिओत दिसलं ते शॉर्ट-सर्किट प्रोटेक्शन, आणि ते तर सामाईक ग्राउंडच्या स्वस्त डब्यातही असतं. पण व्हिडिओ इतका स्वच्छ, बोलणं इतकं आदबीचं, की पुन्हा विचारणं उद्धटपणाचं वाटलं.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की आजही डोकं फिरतं. डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो त्यानेच पाठवला होता. त्यावर छापलेलं होतं: ९ व्होल्टचे सहा आउटपुट प्रत्येकी ३०० मिलिअँपिअर, ९ व्होल्टचेच दोन प्रत्येकी ५००, एक १२ व्होल्टचा ३००, एक १८ व्होल्टचा ३००. गुणाकार करा. १६.२ अधिक ९ अधिक ३.६ अधिक ५.४. झाले ३४.२ वॅट. त्याच फोटोत शेजारी अडॅप्टर होता, त्यावर १८ व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे १८ वॅट. अठरा वॅट आत घेऊन चौतीस वॅट बाहेर देणारा डबा! हे माझ्या मोबाइलमध्ये पैसे पाठवण्याच्या आदल्या रात्रीपासून पडून होतं. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण ऑफिसातून दमून आलेला माणूस जेवताना मोबाइलवर फोटो बघतो तेव्हा वॅट मोजत नाही, दिवे किती छान लागलेत ते बघतो. शिवाय मला एवढी वीज लागणारच नव्हती, माझा सगळा बोर्ड अर्ध्या अँपिअरच्या आत. त्यामुळे तिकडे लक्ष गेलं नाही. जो लेबलवर एवढं ढळढळीत खोटं छापतो तो ‘आयसोलेटेड’ हा शब्द तरी खरा का छापेल, हा प्रश्न मात्र तेव्हाच पडायला हवा होता.

घरी आणून लावला, तर सगळं ठीक! यावरून मित्रांनी माझी यथेच्छ टिंगल केली, म्हणून खुलासा. माझा घरचा अँप एका दहा इंची स्पीकरचा, ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) नसलेला. बारीक शिट्टी त्यातून नीट बाहेरच येत नाही. सात दिवसांची ‘चेकिंग वॉरंटी’ अशी सुखात गेली.

मग पिंपरीत एका सोसायटीचा कार्यक्रम, सत्तरच्या दशकातली हिंदी गाणी. दोन गाण्यांसाठी मी जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल, नेला होता. हा पॉझिटिव्ह ग्राउंडचा असतो, म्हणजे बाकीच्यांचा मायनस जिथे बॉडीला, तिथे याचा प्लस. घरी तो नेहमी बॅटरीवर चालवायचो. सप्लाय आयसोलेटेड आहे म्हटल्यावर बॅटरी कशाला? साउंडचेकला डब्यावर लावला, पॅच केबल (पेडल पेडलला जोडणारी छोटी केबल) जोडली आणि त्या आउटपुटचा दिवा लाल होऊन फझ बंद पडला. खऱ्या आयसोलेटेड सप्लायवर याने काहीही होत नाही. सामाईक ग्राउंड असेल तर पॅच केबलच्या जाळीतून प्लस आणि मायनस थेट भेटतात. फझ काढला, दिवा परत निळा झाला, आणि आता डीआयमधून (बेस साउंड सिस्टिमला जोडणारी डबी) थेट पीएला, म्हणजे स्टेजच्या मोठ्या साउंड सिस्टिमला, गेलेला बेस तिच्या वरच्या स्पीकरमधून शिट्टी मारू लागला. साउंडवाल्याने डीआयचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ग्राउंडची जोड तोडणारं बटण, दाबला. थोडा हम (घूंऽऽ आवाज) गेला, शिट्टी तशीच. जाणारच नव्हती, ती बोर्डाच्या आतच तयार होत होती. तो माइकवरून सगळ्यांसमोर म्हणाला, “दादा, ती कुकरची शिट्टी बंद करा आधी.” शेवटी पेडल्स बाजूला ठेवून बेस सरळ डीआयमध्ये घातला. कार्यक्रम उशिरा सुरू झाला आणि ३,५०० ठरलेले २,००० झाले.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून साधा मल्टिमीटर आणला. दोन आउटपुटच्या केबली घेतल्या, पेडल एकही जोडलेलं नाही, आणि दोन्ही प्लगांच्या आतल्या भागांना प्रोब टेकवले. बीप. तिसरा-चौथा, बीप. दहाही बीप. (पेडल्समध्ये मायनस मधल्या पिनवर असतो, म्हणून आतल्या भागाला टेकवायचं. बाहेरून मोजून ‘बीप नाही’ म्हणत खूश होऊ नका.) ओळखीच्या टेक्निशियनने झाकण उघडलं. आत एक पाटी, तिच्यावर व्होल्टेज उतरवणारी छोटी छोटी सर्किटं, आणि सगळ्यांखाली एकच तांब्याचं ग्राउंड. वेगळा ट्रान्सफॉर्मर म्हणून एकही नाही. एका नळाला दहा तोट्या लावल्या होत्या, बस.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर: “सर, सील तुटलं, वॉरंटी संपली.” पुढच्या मेसेजला एकच टिक.

यानंतरचा भाग फसवणुकीपेक्षा जास्त संतापजनक आहे. ऑनलाइन बाजाराच्या कस्टमर केअरने आधी मला ‘प्रिय ग्राहक’ म्हणून झुलवलं आणि मग सांगितलं की व्यवहार आमच्यामार्फत झालेला नाही. त्याची जाहिरात मात्र तुमच्याचमार्फत झाली ना? त्यावर शांतता. बँकेत गेलो. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार अधिकृत. ज्याच्या नावावर पैसे गेले ते नाव विक्रेत्याने सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं, हे दाखवलं. बाई म्हणाल्या, असं असतं कधीकधी. पोलीस चौकीत हवालदारसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “पेडल म्हणजे सायकलचं?” समजावून सांगितलं. मग, “वस्तू मिळाली ना? चालू आहे ना? मग फसवणूक कुठली?” मी म्हटलं, साहेब, जे म्हणून विकलं ते हे नाहीच. तर म्हणाले, सिव्हिल मॅटर आहे, वकील गाठा. अर्ज घेतला, पोच द्यायला मात्र शिक्का सापडेना. साहेब बंदोबस्ताला. नंतर गेलो तेव्हाही बंदोबस्ताला. ऑनलाइन तक्रारीच्या फॉर्ममध्ये ‘वस्तू मिळाली नाही’ हा पर्याय आहे, ‘खोटी वस्तू मिळाली’ याला जवळचं काही नाही. ‘इतर’ निवडलं की पाचशे अक्षरांत लिहा म्हणतो. सामाईक ग्राउंड आणि आयसोलेशन पाचशे अक्षरांत, तेही अशा माणसासाठी ज्याला पेडल सायकलचं वाटतं! लाखालाखांच्या फसवणुकी पडून असताना तुमचे आठ हजार कोण बघणार, असं एकाने तोंडावर ऐकवलं. बरोबर आहे. असे विक्रेते आठ-आठ हजारांवरच जगतात, कारण आठ हजारांसाठी कोणी धावत नाही हे त्यांना पाठ आहे.

बिल नव्हतं, ही माझी सगळ्यात कमकुवत बाजू निघाली. जीएसटी बिल नसेल तर रुपयासुद्धा देऊ नका. आयात वस्तूच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर फक्त एक गिटारचं चित्र होतं. अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरो) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. माझ्या अडॅप्टरवर तोही नव्हता.

वकील मित्राकडून कळलेलं इथे लिहून ठेवतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीत का असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. चॅट, व्हिडिओ, यूपीआयची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट हे सगळं जपा. जाहिरात रातोरात बदलते. माझ्यावाल्याने पानाचं नाव बदललंय, डबा तोच, किंमत आता ९,४९०.

हाच डबा घेऊन बसला असाल तर फेकू नका. अ‍ॅनालॉग पेडल्स त्याच्यावर चालवा, डिजिटलला त्याचा वेगळा अडॅप्टर द्या, पॉझिटिव्ह ग्राउंडचा फझ फक्त बॅटरीवर. १८ व्होल्टच्या आउटपुटवर आत्ताच चिकटपट्टी लावा, स्टेजच्या अंधारात ९ व्होल्टचं पेडल त्यात गेलं की जळू शकतं. आणि झाकण उघडण्याआधी, सील शाबूत असताना, बीप वाजतानाचा व्हिडिओ काढा. सील तुटल्याचा बहाणा त्याच्याकडे तयारच असतो.