गोठ्यातलं ऑफिस: तिन्ही ऋतू काढल्यावर

वाईजवळच्या आमच्या जुन्या गोठ्याचं ऑफिस केलं, त्याला आता तिन्ही ऋतू झाले. असं काही करायचं डोक्यात असेल तर उन्हाळ्याची फार काळजी करू नका, पावसाळ्याची करा.

काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या दोन फुटी भिंतींतून दिवसाचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते, तोवर आपण घरी. खरा तापतो तो पत्रा. त्याखाली ५० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), थोडी मोकळी जागा आणि मग प्लायचं सीलिंग केलं. एप्रिलातही दुपारी जेवणापर्यंत पंख्यावर भागतं, नंतर एक टनाचा इन्व्हर्टर एसी. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे: साधा पंखा ७०-७५ वॅट खातो, हे ३० च्या आसपास. शिवाय रॉकवूलने पत्र्याचा आवाजही दबला: पूर्वी पावसाची सर आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, आता क्लायंटचा कॉल चालू राहतो.

डोकेदुखी आहे ती लोण्याची, म्हणजे भिंतीवर फुलणाऱ्या पांढऱ्या क्षारांची. जिथे वर्षानुवर्षं जनावरं बांधली तिथे मूत जमिनीत आणि दगडांच्या सांध्यांत मुरलेलं असतं. त्यातले क्षार ओलीबरोबर वर चढतात. गव्हाणीच्या बाजूला गुडघ्यापर्यंत पांढरा लोणा फुललाय, बोट लावलं की पीठ हातात येतं. मिस्त्री म्हणाला, "दादा, सिमेंट मारू, विषय संपला." संपत नाही, सिमेंटआड ओल कोंडते आणि लोणा आणखी वर निघतो. आम्ही चुन्याचा गिलावा केला. तोही खालून सुटतो, पण तेच त्याचं काम: खरवडायचा, कोरड्या ब्रशने झाडायचा (पाणी अजिबात मारू नका), उन्हाळ्यात पुन्हा लिंपायचा. हा खर्च कायमचा धरून चाला आणि त्या भिंतीला कपाट टेकवू नका. शेणाचा वास येतो का, हे सगळे विचारतात. नाही येत. जुलैत कुबट वास येतो, तेव्हा एसी ड्राय मोडवर.

छतावर ३ किलोवॅट सोलर आहे. सूर्यघर योजनेचं ७८,००० रुपयांचं अनुदान घरगुती जोडणीलाच मिळतं, ऑफिसच्या मीटरला नाही. आणि लाईट गेली की साधं ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट विजेच्या लाइनला जोडलेलं) सोलरही भर उन्हात बंद पडतं, कारण लाइनवर चढलेल्या वायरमनला आपला करंट लागू नये. म्हणून जास्त पैसे मोजून बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घेतला. त्यावर पंखे, राउटर, लॅपटॉप. एसी नाही, मे महिन्यात दुपारी लाईट गेली तर घाम पुसत काम करावं लागतं.