नवीन स्कूटरचं पहिलं ऑइल 300 किमीला बदललं, आता पावसाळा काढल्यावरचा अनुभव

पाडव्याला घरात 110 सीसीची नवी स्कूटर आली. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. ते घेतलं की ऑइल राहतं बाजूला आणि कुणाची गाडी भारी यावरच सगळे घसरतात. एअर-कूल्ड इंजिन, फ्युएल इंजेक्शन, बीएस6, म्हणजे रस्त्यावर सगळीकडे दिसते तसलीच. रोजचं जाणं-येणं कोल्हापुरातून गोकुळ शिरगाव एमआयडीसीपर्यंत, रविवारी कधी जोतिबा तर कधी पन्हाळा. आता पावसाळा सरलाय, दुसरी सर्व्हिसही झालीय. पहिलं ऑइल मी सर्व्हिसची वाट न बघता 300 किमीच्या आसपास बदललं होतं. त्यावरून घरात, ऑफिसात आणि पार्किंगमध्ये जेवढी मतं ऐकली, तेवढी गाडी घेतानाही ऐकली नव्हती.

निकाल आधीच सांगते. पैसे वाया गेले नाहीत. पण लोक सांगतात तसा चमत्कारही काही झाला नाही.

माझ्या मॅन्युअलमध्ये पहिला बदल पहिल्या सर्व्हिसला, म्हणजे 750 ते 1000 किमीच्या दरम्यान दिलाय. मग त्याच्या आधी कशाला? कारण या स्कूटरमध्ये कारसारखा कागदी ऑइल फिल्टर नाही. आत फक्त एक जाळी आहे. ती मोठा कण अडवते, बारीक भुकटी तिच्यातून आरामात निघून जाते. वर ऑइलही मुळात थोडं, लिटरभरसुद्धा नाही. नव्या इंजिनात पहिल्या काही तासांत जी धातूची झीज होते ती या एवढ्याशा तेलात फिरत राहते, आणि ते बाहेर काढल्याशिवाय ती बाहेर पडत नाही. मला पटलेलं कारण एवढंच.

झीज होते म्हणजे इंजिन खराब आहे असं नाही. उलट ती व्हावी लागते. माझ्या सासऱ्यांचे एक मित्र आहेत, शिरोली एमआयडीसीत होनिंग मशीनवर, म्हणजे सिलिंडर आतून घासून तयार करणाऱ्या यंत्रावर, आयुष्य काढलेले. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली बाजू, दाखवत त्यांनी सांगितलं, "पोरी, बोअर हाताला गुळगुळीत लागतो, पण भिंगाखाली धरलास तर नांगरलेलं रान दिसतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतंय. तेल धरायला, आणि रिंग बसायला." सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक चरा असतात. पिस्टन रिंग त्यांवर घासते, चरांचे वरचे टोकदार कंगोरे झिजतात आणि रिंग भिंतीला नीट चिकटून बसते. हे काम पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच बरंचसं उरकतं.

यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो तो चालवण्याच्या बाबतीत. शोरूममधल्या मुलाने चावी हातात देताना बजावलं होतं, "मॅडम, हजारपर्यंत 40 च्या वर जायचं नाही." सांगायला सोपं आहे, पण अर्धंच खरं आहे. रिंग भिंतीवर दाबली जाते ती नुसत्या स्वतःच्या ताणाने नाही, तर जळलेल्या गॅसचा दाब तिच्या मागच्या बाजूला शिरतो म्हणून. इंजिनावर थोडाही लोड दिला नाही तर हा दाब पुरेसा येतच नाही. दुसऱ्या टोकाला, थ्रॉटल पूर्ण पिळून हायवेला सुटलात तर नव्या पृष्ठभागांवर घर्षणाची उष्णता जास्त होते. मधला मार्ग म्हणजे वेग सतत बदलता ठेवायचा, थ्रॉटल अर्ध्याच्या आसपास, आणि एकाच वेगाने लांब जायचं टाळायचं. माझा ऑफिसचा रस्ता नेमका एकसुरी, हायवेचा. म्हणून त्या दिवसांत मी शक्यतो शहरातून फिरून जायचे, आणि वाघबीळच्या पुढे पन्हाळ्याचा चढ एकटीने, मागे कुणाला न बसवता, दमाने चढवला. ऑइल बदलण्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला असं माझं ठाम मत आहे, फक्त ते बिलावर दिसत नाही.

ऑइल आणायला उद्यमनगरात गेले. दुकानदाराने न विचारता बाइकची बाटली पुढे केली. "सगळ्या टू-व्हीलरला हेच चालतंय की." नाही चालत. म्हणजे चालेल, गाडी बंद पडणार नाही, पण ते स्कूटरसाठी नाही. बाटलीच्या मागे जासोचा, म्हणजे वाहनांची मानकं ठरवणाऱ्या जपानी संस्थेचा, शिक्का असतो, त्यात एमए किंवा एमबी लिहिलेलं असतं. जपानमध्ये हे वर्गीकरण 1998 च्या सुमारास ठरलं. बाइकचा क्लच इंजिनच्या तेलातच बुडालेला असतो, तिथे तेल फार निसरडं असेल तर क्लच घसरतो, म्हणून एमए. स्कूटरचा क्लच पट्ट्याच्या कव्हरमध्ये, कोरडा. त्याला इंजिन ऑइल लागतच नाही. त्यामुळे तिथे घर्षण कमी करणारं एमबी तेल बिनधास्त वापरता येतं, आणि कंपनीने मायलेजचा हिशोबही तेच धरून केलेला असतो. माझ्या मॅन्युअलमध्ये 10डब्ल्यू-30 (हा तेलाच्या घट्टपणाचा ग्रेड), एमबी असं स्पष्ट आहे. तेवढंच मागितलं, मिळालं, 400 रुपयांच्या आत.

सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं महागडं तेल घेऊ का, हाही प्रश्न होता. "सिंथेटिकने रिंगच बसत नाही" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की ते शाळेत शिकवतात की काय असं वाटायला लागलं. पण शेवरोले कॉर्व्हेट 1992 पासून कारखान्यातूनच सिंथेटिक तेल भरून बाहेर पडते, आणि तिच्या रिंगा काही हवेत लटकत नाहीत. तरी मी साधंच घेतलं, कारण वेगळं: हे तेल हजारच्या आत पुन्हा काढून टाकायचंच होतं. त्यावर दुप्पट पैसे कशाला घालायचे?

बदलणं अवघड नाही. इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवलं, म्हणजे तेल पातळ होतं आणि खाली बसलेली घाणही त्याच्याबरोबर येते. मेन स्टँडवर लावून ड्रेन बोल्ट सोडला, वॉशर नवा टाकला. बोल्ट परत लावताना आधी हाताने आटे बसवून घ्या आणि मग पान्याने बेताने आवळा. इंजिनचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं असतं. जोर दाखवायला गेलात आणि आटे गेले, तर वाचवलेली मजुरी दसपटीने परत द्यावी लागेल. हाताला हे जमत नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून समोर उभं राहून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. रंग फार काळा नव्हता, पण उन्हात धरल्यावर सगळ्या तेलात बारीक चंदेरी चमक. चुंबक फिरवला तर त्याला अगदी थोडी राखाडी पेस्ट लागली, बाकीची चमक जागची हलली नाही. म्हणजे लोखंड थोडं, अ‍ॅल्युमिनियम जास्त. शिवाय फडक्यावर गॅस्केटच्या सीलंटचे दोन-तीन तुकडे. घाबरण्यासारखं काही नव्हतं, नव्या इंजिनात हे एवढं निघतंच. पण हे बघितल्यावर "ते अजून सातशे किलोमीटर आत फिरू दे" असं काही वाटलं नाही.

पहिल्या सर्व्हिसला पुन्हा ऑइल बदललं गेलं. तेव्हाचं मागून घेऊन बघितलं: चमक होती, पण पहिल्याच्या मानाने किरकोळ. म्हणूनच 300 ला एक, 500 ला एक, मग सर्व्हिसला एक अशी माळ लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. लवकरचा एक बदल पुरतो. आणि तो केला म्हणून कंपनीची पहिली सर्व्हिस चुकवू नका, वॉरंटी त्या वेळापत्रकाला बांधलेली असते. ऑइलचं बिलही जपून ठेवा. "फ्री सर्व्हिस" मध्ये फुकट असते ती मजुरी. ऑइलचे पैसे लागतातच, हे पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांना कुणी आधी सांगत नाही.

त्याच सर्व्हिसनंतर एक गोष्ट खटकली. घरी येऊन डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची खुणांची पट्टी, बघितली तर तेल वरच्या खुणेच्या बरंच वर. बाटली उघडली की पूर्ण ओतायची, ही सवय बऱ्याच ठिकाणी असते, कुणाचं नाव घेण्यात अर्थ नाही. जास्त तेल म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. क्रँक ते घुसळत बसतो, फेस होतो, आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ-हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून तेल एअर फिल्टरच्या डब्यात जातं. दुसऱ्या दिवशी जाऊन काढून घेतलं. तेव्हापासून सर्व्हिसनंतर मी तिथेच स्टँडवर लावून, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबून, डिपस्टिक बघते. माझ्या गाडीत ती आट्यात न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून बघितली तर आकडा चुकतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा, सगळ्यांचं सारखं नसतं.

आता फरक काय पडला? ऑइल बदलल्या दिवशी गाडी मऊ वाटली. पण नवं तेल घातल्यावर ती कधीही मऊच वाटते. मायलेज टाकी फुल करून मोजते: सुरुवातीला 42-43, आता 48 च्या आसपास. हा आकडा ऑइलनंतर उडी मारून वाढला नाही, हळूहळू चढत गेला. त्यात रिंगांचा वाटा असेल, तसाच पट्ट्याचा, क्लच शूचा, टायरचाही, आणि माझा हातही बसलाच असेल. "लवकर ऑइल बदललं आणि पाचने अ‍ॅव्हरेज वाढलं" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे जा. सर्व्हिसच्या मधल्या काळात तेलाची पातळी मात्र जवळजवळ हलली नाही, आणि सायलेन्सरमधून निळा धूर नाही. इंजिन नीट बसलंय याची खूण मी यात बघते.

पावसाळ्यात एकदा दचकायला झालं. डिपस्टिकच्या टोपीच्या आतल्या बाजूला दुधाळ, पिवळसर साय. शेजारच्यांनी लगेच "गॅस्केट गेलं" म्हणून निदान केलं. गॅस्केट गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तेलात शिरतं, असं त्यांचं म्हणणं. पण एअर-कूल्ड इंजिनात कूलंट नसतंच, मग ते तेलात येणार कुठून? त्या आठवड्यात ऑफिसला सुट्टी होती, गाडी फक्त दूध-भाजीपुरती निघत होती. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ बाहेर न जाता टोपीखाली थंड होऊन तेलात मिसळते. कागलपर्यंत एक चक्कर मारून आल्यावर ती साय गेली. रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल तर किलोमीटरची वाट न बघता पावसाळ्यानंतर ऑइल बदलून टाकणं बरं. माझी दुसरी सर्व्हिस त्याच सुमाराला आली, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही.

जुनं तेल गटारात किंवा झाडाच्या बुडाशी ओतू नका. बाटलीत भरून गॅरेजला दिलं की ते त्यांच्या पिंपात टाकतात, पुढे ते पुन्हा शुद्ध करायला जातं.

एक राहिलंच. मागच्या चाकाजवळच्या गिअरबॉक्समध्ये वेगळं तेल असतं, जेमतेम शे-सव्वाशे मिली. इंजिन ऑइलवर तासभर वाद घालणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते आहे हेच माहीत नसतं. नवे गिअर एकमेकांवर घासून तिथेही भुकटी पडते आणि तिथे तर जाळीसुद्धा नाही. दुसऱ्या सर्व्हिसला मी ते मुद्दाम सांगून बदलून घेतलं, राखाडी होऊन बाहेर आलं. सांगितलं नाही तर राहून जातं, म्हणून जॉब कार्डवर लिहून घ्या आणि बिलात ती ओळ आहे का तेही बघा.