६ किलोचा एबीसी सिलिंडर: दुकान-ऑफिससाठी कितपत कामाचा?

दुकान, गोदाम किंवा लहान ऑफिससाठी आग विझवायचा एकच सिलिंडर परवडत असेल, तर ६ किलोचा एबीसी पावडरचा घ्या. कागद-कापड-लाकूड (ए), पेट्रोल-थिनर (बी), गॅस (सी) या तिन्ही आगींवर तो चालतो. नेटवरून उतरवलेला अमेरिकी तक्ता भिंतीवर असेल तर आधी काढा. त्यात सी म्हणजे विजेची आग, आपल्याकडे सी म्हणजे गॅस. आणि गॅसच्या आगीत पहिलं काम रेग्युलेटर बंद करण्याचं. गळती चालू ठेवून ज्वाळा विझवली, तर साठलेल्या गॅसचा स्फोट होऊ शकतो.

वापर सोपा आहे, पण वेळ फार थोडा मिळतो. साधारण १५ सेकंदांत पावडर संपते. पिन ओढा, दोन-तीन मीटरवरून नोझल आगीच्या बुडाशी धरा, लिव्हर दाबून डावी-उजवीकडे फिरवा. पाठीमागे बाहेर पडायची वाट मोकळी हवीच. कापडाच्या गठ्ठ्यांत वरची ज्वाळा जाते, आतला निखारा राहतो, कारण पावडर थंडावा देत नाही. वरून पाणी मारावंच लागतं, अर्थात वीज तोडल्यावर.

सर्व्हर, विजेच्या पॅनेलसाठी मात्र सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर) घ्या. एबीसी पावडर दमट हवेत ओल धरते आणि सर्किट गंजवते. हॉटेलच्या कढईलाही हा नको. पावडरच्या माऱ्याने पेटतं तेल उडतं, तापलेलं तेल पुन्हा भडकतं. तिथे वेट केमिकल (द्रव रसायनाचा सिलिंडर) लागतं, ते तेलावर साबणासारखा थर धरतं.

सगळ्यात जास्त फसवतो तो प्रेशर दाखवणारा गेज. काटा हिरव्यात असला तरी आत पावडरचे गठ्ठे झालेले असू शकतात, म्हणून सर्व्हिसिंगला सिलिंडर उघडून पावडर बघायला सांगा. नुसतं नवीन स्टिकर चिकटवणाऱ्याला पैसे देऊ नका. ‘चालतो का बघू’ म्हणून एकदा दाबलात, तर वॉल्व्हच्या सीटमध्ये पावडरचे कण अडकतात, हळूहळू प्रेशर उतरतं आणि अख्खा रिफिल करावा लागतो.

घेताना आयएस १५६८३ (अशा सिलिंडरचं भारतीय मानक) आणि आयएसआय मार्क पाहा. कुठूनही १५ मीटरच्या आत हाती लागेल असा, दाराजवळ टांगा. त्याच्यासमोर खोकी रचू नका. महाराष्ट्रात ज्या इमारतींना २००६ चा अग्निसुरक्षा कायदा लागू आहे, त्यांना दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो. सिलिंडरची तपासणी त्याच वेळी उरकून घ्या.